खंडेनवमीला काढलेला टोप

माझ्या दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. चाळीस वर्षं कटरवर काम केलेल्या माणसाबद्दल ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत ओळख निघाली की शेजारचा माणूस आधी माझ्या हातांकडं बघतो. "मिस्त्री म्हणता, आन् बोटं तर समदी हायेत की!" मग मी हात पुढं करून दाखवायचो. त्याचा मला अभिमान होता. गेली बरीच वर्षं मी हात दाखवत नाही. कोणी बघायला लागलं की पाण्याचा तांब्या उचलतो.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला सांगितलं, लाकडाच्या धंद्यातले अनुभव लिहा, गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहा. गमतीही येतील. पण मला जे लिहायचं आहे ते गमतीचं नाही. उमरग्याच्या ज्या सॉ मिलमध्ये माझं आयुष्य गेलं, तिथं एका माणसाचा हात कापला गेला आणि दोष त्याच्याच नावावर लागला. दोष त्याचा नव्हता. हे एकट्या मला माहीत होतं आणि चौकशीला आलेल्या साहेबांपुढं मी खोटं बोललो. तो माणूस आणि मी, दोघंही जिवंत आहोत तोवर हे दुरुस्त व्हायला पाहिजे.

आधी ते मशीन सांगतो. एक लोखंडी टेबल, मधोमध फट. त्या फटीतून दातेरी गोल पातं अर्धं वर आलेलं, अर्धं खाली, आणि त्याच्याखाली मोटर. लाकूड टेबलावर ठेवायचं आणि पात्याकडं ढकलायचं. याला आम्ही कटर म्हणतो. मोटर पुऱ्या वेगात आली की पात्याचे दात दिसेनासे होतात. घासून ठेवलेल्या ताटासारखं काहीतरी जागच्या जागी उभं आहे असं वाटतं. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, कानावर भरवसा ठेव, डोळ्यावर ठेवू नको. डोळ्याला ते थांबलेलंच दिसतं.

या पात्यापासून माणूस वाचावा म्हणून तीन वस्तू असतात. एक म्हणजे पात्यावरचं पत्र्याचं झाकण, त्याला आमच्याकडं टोप म्हणतात. दुसरी, पात्याच्या मागं उभी केलेली लोखंडी पट्टी. कापलेल्या लाकडाच्या दोन फाका परत मिटून पात्याला आवळू नयेत म्हणून ती असते. आणि तिसरी एक साधी काठी. लाकडाचा शेवटचा वीतभर तुकडा हातानं न ढकलता तिनं ढकलायचा.

तिन्ही वस्तू कामात आडव्या येतात. टोपामुळं पेन्सिलची रेघ दिसत नाही. बारीक पट्टी काढायची असली की ती टोपाच्या कडेला अडते. ओल्या कडुलिंबाचा भुसा आत साचून त्याचा लगदा होतो. मागची पट्टी खाच पाडताना नडते. काठी तर वेळेला कधीच सापडत नाही, कारण ती कोणीतरी चहाच्या चुलीत घातलेली असते. टोप दोन नटांवर बसतो. पान्यानं काढायला दोन मिनिटं पुरतात. बसवायला पाच लागतात, कारण तो पात्याच्या बरोबर मध्यावर यावा लागतो, नाहीतर पातं पत्र्याला घासतं. काढायला सोपा आणि बसवायला किचकट, एवढंच आहे. मी पाहिलेले बहुतेक अपघात या एवढ्याशा फरकातून झाले.

मला हे काम शिकवलं ते करीमचाचांनी. आमच्या मिलचा टोप त्यांनीच एका जुन्या तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून बनवला होता. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "घरात ठेवून आलोय. धंद्यावर नऊच आणतो." पण टोपाच्या बाबतीत चेष्टा चालायची नाही.

एकदा कळंबहून एक गुरुजी कडुलिंबाचं खोड घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड होतं, वाऱ्यानं पडलं. त्याच्या फळ्या काढून त्यांना झोपाळा करायचा होता. अर्धा जिल्हा ओलांडून आमच्याकडं का आणलं तर म्हणे कळंबच्या माणसांनी घाई केली असती. त्यांनी स्वतः खोडावर रेघा मारून आणल्या होत्या आणि प्रत्येक फळी रेघेवरच कापली जाते की नाही हे त्यांना बघायचं होतं.

"मिस्त्री, तो टोप जरा बाजूला घ्या. मला रेघ दिसेना."

"गुरुजी, मला दिसती ना," मी म्हणालो.

"तुम्हाला दिसते, पण झाड माझ्या वडिलांचं आहे."

मी पाना उचलला. खोटं कशाला सांगू, मलाही टोप नकोच होता, ओल्या लिंबानं तो दर चार फुटांना तुंबत होता. करीमचाचा लांब बसून पात्याचे दात घासत होते. ते उठले, गुरुजींच्या खिशातला खडू हलकेच काढला आणि एका ढलपीच्या चिरेत खोचून तो फिरत्या पात्याला नुसता टेकवला. खडू नव्हताच झाला.

"गुरुजी, काई आवाज आला?"

"नाही."

"बोटाचाबी येत न्हाय."

गुरुजी भिंतीपाशी जाऊन स्टुलावर बसले ते फळ्या संपेपर्यंत उठले नाहीत. मी पाना ठेवून दिला. बोट गेल्याचा आवाज येत नाही, हे तोवर माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या एका वेळी मागची पट्टी काढलेली होती आणि सागाच्या फळीनं पातं आवळलं. अशी फळी मग परत फिरते, सरळ ढकलणाऱ्याच्या अंगावर. ती माझ्या बगलेखालून गेली आणि पाठीमागच्या पत्र्याच्या दारात हातभर घुसली. दारात नेहमी चहावाला उभा राहायचा. तो कप गोळा करून नुकताच गेला होता. फळी दारातून उपसायला दोन माणसं लागली. चहावाल्याला दाखवलं तर तो हसून म्हणाला, "मिस्त्री, उधारी बुडवायची असंल तर तोंडानं सांगा की." आम्ही सगळे हसलो. मी पण हसलो, टेबलाला धरून.

आता खंडेनवमीचं सांगतो, कारण सगळं त्यात आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगराची करतो, ड्रायव्हर गाडीची करतो, आम्ही कटरची करायचो. पूजा पात्याची असते. पात्याला हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, समोर नारळ फोडायचा. टोपावर हार घालून भागत नाही. देवाच्या मूर्तीवरचं फडकं न काढता फडक्यालाच कुंकू लावल्यासारखं ते होईल. म्हणून त्या दिवशी टोप काढावाच लागतो. मला वाटतं, आपल्या भागातल्या प्रत्येक मिलमध्ये वर्षातून एक दिवस तरी टोप श्रद्धेनं निघतो.

करीमचाचा पूजेला बसायचे नाहीत, पण टोप तेच काढायचे आणि तेच बसवायचे. त्यांचा नियम होता, प्रसाद वाटायच्या आधी टोप जागेवर पाहिजे. माणसं पेढ्यासाठी खोळंबायची. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, "पेढा काय पळून चाललाय? बोट पळालं तर सापडायचं न्हाय." हार पात्यावर तसाच, वर टोप, नट आवळलेले, मग पेढे. चाचा वारल्यावर मी मोठा मिस्त्री झालो आणि हा नियम मी चालवला. बरीच वर्षं चालवला.

उत्तम आमच्याकडं आला तेव्हा तिशीचा होता. मूळचा तामलवाडीचा. बायको शांता आणि दोन लेकरं घेऊन उमरग्यात खोली करून राहायचा. तो बौद्ध होता. खंडेनवमीला मिल झाडून काढायचा, पाणी मारायचा आणि पूजा सुरू झाली की बाहेर जाऊन बसायचा. त्यात भांडण नव्हतं. पेढे वाटताना मात्र बरोबर आत यायचा. "पूजा तुमची, पेढा माझा." दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून बायकालेकरांसह विहारात जायचा. काम असं करायचा की त्याच्या हातची कापलेली कड रंध्यानं साफ करायला लागायची नाही. आणि तो घाबरट होता. हे मी कौतुकानं लिहितो. कटरवर घाबरट माणूस चांगला.

त्या वर्षी खंडेनवमीला शेठचे पाहुणे आले. कोणाला पुढं निघायचं होतं. शेठ म्हणाले, "मिस्त्री, आधी पेढे वाटून घ्या." मी वाटले. टोप भिंतीच्या खिळ्याला अडकवलेला होता. पाहुणे गेल्यावर बसवू म्हटलं. पाहुणे गेले तेव्हा आम्ही सगळे घरी निघालो होतो.

दसरा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. एका मंगल कार्यालयाच्या दारं-खिडक्यांचं काम होतं, नुसत्या बारीक पट्ट्या काढायच्या होत्या. टोपाशिवाय पट्ट्या भराभर निघत होत्या. रेघ स्वच्छ दिसत होती. मला हायसं वाटलं, हे मी कबूल करतो. सकाळीच उत्तमनं विचारलं.

"मिस्त्री, टोप कवा बसवायचा?"

"एवढ्या पट्ट्या होऊ दे की. मग बसवू."

"त्याच्याबिगर कसंतरी वाटतंय."

"तुला कसंतरी वाटायला लग्न हाय का तुझं?" मी म्हणालो. आजूबाजूचे हसले. तो पण हसला. मी मोठा मिस्त्री होतो. माझ्या विनोदाला हसावं लागायचं.

त्याच दिवशी, म्हणजे खंडेनवमीपासून तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, उत्तम पट्टी ढकलत होता आणि मी पलीकडून ओढत होतो. आमचे चेहरे समोरासमोर होते. लाकडात एक गाठ होती. पट्टी थांबली, उचलली गेली आणि परत फिरली. त्याच्या उजव्या हाताखालचं लाकूडच निघून गेलं आणि हात पुढं गेला. टोप असता तर हात पत्र्यावर आदळला असता. खरचटलं असतं. चाचांनी सांगितलं तेच खरं होतं, आवाज आला नाही. उत्तम ओरडलाही नाही. तो माझ्याकडं बघत होता, काहीतरी विचारल्यासारखा. मग मी खाली पाहिलं. तीन बोटं.

पुढची दहा मिनिटं धावपळीत गेली. टॉवेल, जीप, दवाखाना. दोघं त्याला घेऊन गेले, बाकीची माणसं जीपच्या मागं रस्त्यापर्यंत पळाली. मिलमध्ये मी एकटा उरलो. मशीन बंद होतं. टेबलाच्या कडेला अजून खंडेनवमीचं कुंकू होतं. भिंतीवर टोप लटकत होता.

पहिल्यांदा मला भीती वाटली ती उत्तमच्या हाताची नव्हती. ती माझी होती. आता कोणीतरी येईल, टोप कुठं आहे विचारेल आणि टोप मी काढला हे सगळ्या मिलला माहीत आहे. मी पाना घेतला. ज्या कामाला तीन दिवस मला वेळ मिळाला नव्हता ते मी तीन मिनिटांत केलं. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे चमकत होते, त्यावर मी तेल आणि भुसा चोळला. एक नट हातातून दोनदा खाली पडला आणि तो मला जमिनीवरच्या रक्तातून उचलावा लागला.

संध्याकाळी चौकशीचे साहेब आले. त्यांनी टेबलाला फेरी मारली.

"टोप होता?"

"व्हता, साहेब."

"मग हात आत कसा गेला?"

"काय सांगावं. त्यानं उचलून घातला असंल."

बाकीचे कामगार माझ्याकडं बघत होते. टोप लागलेला दिसत होता. कोणाला वाटलं मिस्त्रीनं जेवणाच्या सुट्टीत बसवला असेल, कोणाला नोकरीची काळजी होती. कोणी काही बोललं नाही. साहेबांनी लिहून घेतलं. त्यात चूक त्यांची नाही, त्यांनी जे दिसलं आणि जे ऐकलं ते लिहिलं. फक्त ते वाकले नाहीत. वाकून टोपाच्या आतल्या बाजूला बघितलं असतं तर तिथं रक्ताचा एक थेंब नव्हता. टेबल भरलं होतं, पातं भरलं होतं, आणि वरचा पत्रा आतून कोरडा होता.

त्या कोरड्या पत्र्यानं मला कितीतरी महिने झोपू दिलं नाही. मिलमध्ये नवा माणूस आला की तो वाकेल अशी भीती वाटायची. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी टोप काढून आतून बाहेरून लाल रंग मारला. कामगार म्हणाले, मिस्त्रीला त्या अपघातापासून टोपाची फार काळजी. खरंच, नंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या मशीनवरून टोप परत निघाला नाही. पुढं मी पूजाही टोपावरच करायला लावली. लोकांना ते नवल वाटलं.

पण त्याआधी लोकांनी आणखी एक गोष्ट जोडली होती. कोणीतरी म्हणालं, बाकी सगळ्यांनी पात्याला हात जोडले, एकट्या उत्तमनं जोडले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पात्यानं त्याचाच हात मागितला. महिन्याभरात हे सगळ्या उमरग्यात झालं. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं. मला एवढंच म्हणायचं होतं की पूजा केली नाही म्हणून त्याचा हात गेला नाही, पूजेसाठी काढलेला टोप मी परत लावला नाही म्हणून गेला. मी चहा संपवला आणि उठलो. माझी भाकरी सुरक्षित होती. ही अफवा मला सोयीची होती, आणि ती कोणाला कुठं लागत होती हे मला कळत होतं. उत्तम दोन महिन्यांनी हिशेब करून तामलवाडीला निघून गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा मी मिलच्या मागच्या बाजूला लाकडं मोजत उभा राहिलो.

आता वीस-बावीस वर्षं झाली. मी कळंबला मुलाकडं असतो. या उन्हाळ्यात तिथल्या एका फर्निचरच्या कारखान्यात गेलो होतो. तरुण मालकानं बाहेरून आणलेलं नवं कटर दाखवलं. त्याच्या पात्याला बोट लागलं की बोटातल्या ओलाव्यानं क्षणात पातं थांबतं आणि खाली जातं. त्यानं गाजर लावून केलेला व्हिडिओ मला फोनवर दाखवला. गाजराला नखाएवढी चीर होती. मी तो तीन वेळा बघितला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर तो पोरगा खूश झाला. मग समोरच कामगारानं मशीन चालू केलं, तेव्हा बाजूला एक लहान चावी फिरवलेली दिसली. ती कशाची, मी विचारलं.

"ते होय? लाकूड थोडं ओलं आलं की मशीन उगाच थांबतं, काका. मग सगळा खोळंबा. म्हणून ती सोय बंद करून ठेवलीय."

"परत चालू कवा करता?"

"करू की, हे काम झालं की."

मी त्याला उत्तमची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि सांगता आली नाही, कारण खरी सांगायची तर माझी सांगावी लागली असती. घरी येऊन मी लिहायला बसलो.

लिहून झाल्यावर वाटलं, छापायच्या आधी उत्तमला वाचून दाखवलं पाहिजे. कागद पिशवीत घालून मी एसटीनं तुळजापूरला गेलो आणि तिथून तामलवाडीला. वाटेत दोनदा उतरून परत फिरावं असं वाटलं. मला मार बसेल याची भीती नव्हती. तो "जाऊ द्या मिस्त्री" म्हणेल याची होती.

उत्तम अंगणात बसून डाव्या हातानं कांदे निवडत होता. केस सगळे पांढरे. मला बघून उठला. "मिस्त्री! तुमी आलाव? इतक्या लांब?" शांताबाईंनी खुर्ची टाकली, चहा ठेवायला आत जाता जाता बोलू लागल्या. नातू आहे, शेत मुलगा बघतो, बरं चाललंय.

"ह्यांचं मात्र इचारू नका. गाडीवर बसत न्हाईत, नातवाला घिऊन रस्ता वलांडत न्हाईत. ग्यासचा खटका चार येळा बघत्यात. कुणी म्हणलं का बंद हाय, तर म्हणत्यात, मला दिसतंय बंद, पर माझा काय भरवसा?" त्या हसल्या. "हात गेल्यापासनं हे असंच."

उत्तमही हसला. "खरंच की. माझ्या डोळ्याचा भरवसा न्हाय, मिस्त्री. त्या दिशी मला डोळ्यानं टोप दिसला न्हवता. आन् समदी म्हणत्यात, व्हता."

कागद काढायला पिशवीत घातलेला माझा हात तसाच राहिला. मी समजत होतो, माझ्यामुळं त्याची बोटं गेली आणि नाव गेलं. त्याचं आणखी काय गेलं हे मला त्या अंगणात कळलं.

"उत्तम," मी म्हणालो, "टोप नव्हताच."

त्याच्या हातातला कांदा हातातच राहिला. "काय म्हणलाव?"

"खंडेनवमीला म्या काढला. बसवला न्हाय. तुला जीपमधी घालून नेलं, मग बसवला. साहेबाला खोटं सांगितलं."

तो ओरडला, "शांता! चहा राहू दे. भाईर ये." त्या आल्या. "मिस्त्री, परत म्हणा. हिच्यापुढं म्हणा."

मी परत म्हणालो. सगळं, पहिल्यापासून, आणि छापायला लिहून आणलंय तेही. शांताबाई उंबऱ्यावर बसल्या. "दवाखान्यात हे सारखं म्हणायचे, टोप न्हवता, टोप न्हवता. म्याच म्हणलं, इतकी माणसं खोटं बोलतील व्हय? तुमाला भास झाला असंल. म्याच म्हणलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"आन् सकाळी म्या इचारलं व्हतं का न्हाय, टोप कवा बसवायचा म्हणून?" उत्तम म्हणाला.

"विचारलं होतंस."

"ते बी मला सपान वाटाय लागलं व्हतं." त्यानं पिशवीतल्या कागदांकडं बोट केलं. "वाचा."

मी वाचू लागलो. अपघातानंतरच्या भागात मी एक वाक्य लिहिलं होतं, की शेठनी फोन करून सांगितलं, 'टोप बसवून ठेवा.' तिथं त्यानं मला थांबवलं.

"शेठ त्या दिशी सोलापूरला व्हते."

"हो. म्हणून फोनवर."

"फोन हापिसात व्हता. हापिसाला कुलूप व्हतं. जीप बोलवायला किल्ली न्हाय म्हणून तुमीच समोरच्या टपरीवर पळालाव. म्या बाकड्यावर पडून बघत व्हतो." तो माझ्या डोळ्यांत बघत होता, आवाज हळू झाला होता. "बराबर हाय का माझं?"

शेठ वारले आहेत, ते नाही म्हणायला येणार नव्हते. खरं सांगायला बसलेला मी, त्यातही माझ्यासाठी एक आडोसा करून ठेवला होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "फोन आला नव्हता. मला कोणी सांगितलं नव्हतं." खिशातलं पेन काढून मी ते वाक्य त्याच्यासमोर खोडलं.

"माझं नाव बदलू नका. हाय तेच लिवा," तो म्हणाला. मला वाटलं, झालं. पण तो थांबायला तयार नव्हता. त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"जीप हिरवी व्हती."

"हिरवीच."

"टावेल तुमचा व्हता. पांढरा, निळ्या काठाचा."

"हो."

"पट्टीतली गाठ काळी व्हती. रुपयायेवढी."

"हो, उत्तम."

प्रत्येक वेळी तो शांताबाईंकडं वळून बघत होता आणि त्या मान हलवत होत्या. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. माझी बस गेली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही मागितली नाही, ते विचारायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. तो एकेक आठवण काढून माझ्यापुढं ठेवत होता आणि मी हो म्हणत होतो.

"जीपमधी घालताना तुमी माझ्या कानाशी काय म्हणलाव?"

मी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. काहीच आठवेना.

"न्हाय आठवत," मी म्हणालो.

उत्तम ताठ बसला. "मंग तुमी इसरलाव, मिस्त्री," तो म्हणाला. "म्या न्हाय इसरलो."